आजचा दिवस निघंल

थोरल्या पोराकडं कॅनडात गेलो तेव्हा मला त्रेसष्टावं लागलं होतं. सुनेचं बाळंतपण होतं, म्हणून सप्टेंबर महिन्यात आम्ही दोघंही कॅलगरीला जाऊन पोचलो. आमच्या मंडळींना तिथं बक्कळ काम होतं. बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू करायचे. तिचा दिवस पुरत नव्हता आणि माझा सरत नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं उजाडायच्या आत गोठ्यात शेणाला हात घातलेला माणूस मी. तिथं सकाळी उठून करायचं काय? खिडकीत बसायचं आणि पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग बघायची.

त्या घरात मला आपली वाटावी अशी एकच जागा होती, ती म्हणजे गाडी लावायची खोली. गॅरेज म्हणतात तिकडं. भिंतीला फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर पाने, हातोडे, तारा, रंगाचे डबे. आमच्या सोप्यात कोयते, खुरपी, दोर आणि जुपण्या असायच्या तसंच. दुपारी सगळी झोपली की मी तिथं जाऊन बसायचो. चार दिवसांत सगळी हत्यारं पुसून, तेल लावून लावली. पोरगा म्हणाला, "अण्णा, विश्रांती घ्या जरा." म्हणलं, ही विश्रांतीच चाललीय.

शेजारी एक म्हातारा राहायचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल. त्याला मराठी नाही, मला इंग्रजी वाचता येतं पण बोलताना जीभ अडकते. तरी आमचं खाणाखुणांवर बरं जमलं. ऑक्टोबर लागला आणि एक दिवस त्यानं अंगणात गाडी उभी करून चारी चाकं उतरवायला घेतली. मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. गाडी पंक्चर नव्हती. उतरवलेली चाकं चांगली होती, चढवायला आणलेलीही चांगली होती. मला काही कळेना. त्यानं वर आभाळाकडं बोट केलं, दोन्ही हातांनी दंड चोळून कुडकुडल्यासारखं केलं आणि हसला. मग कळलं. आपल्याकडं रोहिणी निघाल्या की औत-अवजारं बाहेर काढतात, घरावरची कौलं फिरवतात, तशी ही त्याची हिवाळ्याची तयारी होती.

संध्याकाळी पोराला विचारलं, "आपली चाकं कधी बदलायची?"

तो म्हणाला, "आपली फोर-व्हील ड्राइव्ह आहे अण्णा. चारी चाकं ओढतात. शेजारच्या काकांची साधी गाडी आहे, पुढची दोनच चाकं ओढतात. आपल्याला एवढी घाई नाही."

मी म्हणलं, "ओढतात चारी, ते कळलं. पण थांबवायचं कुणी?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मी काही गाडीतला जाणकार नाही. पण भरलेली बैलगाडी मी उतारावरनं न्हेलेली आहे. उसाची गाडी भरून कारखान्याला निघाली की चढ कधी भीती घालत नाही. चढाला बैल हटला तर फार तर गाडी थांबते, चाकाला दगड लावायचा, दम खाऊ द्यायचा. जीव जातो तो उताराला. मागनं टनभराचं ओझं रेटतंय आणि पुढं डांबरी गुळगुळीत. तिथं बैलाचं बळ कामाला येत नाही, त्याच्या खुराला काय ठोकलंय ते कामाला येतं. म्हणून गळीत हंगामाच्या आधी आमच्याकडं नालबंद यायचा. बैल पाडायचा, पाय बांधायचे आणि पत्र्या ठोकायच्या. एका खुराला दोन, बैलाला आठ, जोडीला सोळा. बैल कितीही ताकदीचा असू दे, पत्र्या नसतील तर डांबरीवर तो फसकलतो. पोराला एवढंच सांगितलं, की तुझी गाडी दोन बैलांची नाही, चार बैलांची आहे. पण चौघं बिनपत्रीचे आहेत.

हसला तो. मग खरं काय ते बोलला. त्याला हे सगळं ठाऊक होतंच. उन्हाळ्यातल्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं, थंडीत खोबरेलाची बाटली गोठते तसं. कडक रबर रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत केसासारख्या बारीक बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरतात. असल्या टायरच्या अंगावर खूणही असते, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावायचा कायदाच आहे. डोंगर ओलांडून ब्रिटिश कोलंबियात गेलं की घाटाच्या रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत पाट्या, की टायर नसतील तर पुढं येऊ नका. कॅलगरी ज्या अल्बर्टा प्रांतात आहे तिथं मात्र अशी सक्ती नाही. आणि सक्ती नाही तिथं माणूस चालढकल करतो, मग तो कराडचा असो की कॅलगरीचा. त्यात घराचा हप्ता, बाळाचा खर्च. चार नवे टायर आणि चार लोखंडी रिमा म्हणजे बरेच पैसे. पोरगा म्हणाला, "जुना सेट बघतोय. मिळाला की लावू."

दिवाळीच्या आसपास एका माणसानं रिमांसकट चार हिवाळी टायर विकायला काढल्याचं त्याला कळलं. नोकरीवरून सुटल्यावर आम्ही दोघं गेलो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि बारीक बर्फ भुरभुरत होता. माणूस घाईत, आम्ही कुडकुडत. पोरानं मोबाइलच्या उजेडात वरवर बघितलं, पैसे दिले, चाकं गाडीत टाकली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती चारी चाकं गॅरेजात ओळीनं मांडली. पाणी घेऊन धुतली, नक्षीतले खडे खिळ्यानं काढले. धुताना बोटांना काहीतरी वेगळं लागलं. तीन टायरची नक्षी सारखी, चौथ्याची निराळी. चौथा झिजलेलाही जास्त. टायरच्या बाजूला एका लांबट खुणेत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कितवं साल. हे मला आमच्या ट्रॅक्टरच्या टायरवाल्यानं शिकवलेलं. तिघांवर ३५१८ होतं, म्हणजे २०१८ सालातला पस्तिसावा आठवडा. चौथ्यावर १२१३. तीन बैल भरात आणि चौथा म्हातारा, असला तो प्रकार.

रात्री पोराला दाखवलं. तो खाली बसला, खोली मोजायची एक पट्टी असते ती लावून बघितली. तोंड उतरलं त्याचं. फोर-व्हीलला हे मुळीच चालत नाही, हे त्यानंच मला समजावलं. झिजलेलं चाक घेरानं लहान, म्हणून तेवढ्याच वाटेत त्याला जास्त फेरे मारावे लागतात. बाकी तिघांचे फेरे कमी. चारी चाकं आतून एकमेकांना जोडलेली, मग तो फरक मधल्या दातऱ्यांना सारखा सोसावा लागतो आणि त्या तापून बाद होतात. हे मला लगेच पटलं. जुवाला एक बैल उंच आणि एक बुटका जुपला की जू तिरकं होतं आणि दोघांच्याही मानेला घट्टे पडतात.

एवढं समजावून सांगून पोरगा उठला, हात झटकले आणि म्हणाला, "जाऊ द्या अण्णा. मागच्या बाजूला टाकू. हा एक हिवाळा निघेल, पुढच्या वर्षी नवे घेऊ."

हा एक हिवाळा निघेल. माझ्या पोटात एकदम कालवलं. मी तिथंच उपड्या बादलीवर बसलो. त्याला म्हणलं, "बस जरा. तुला एक सांगायचंय. तुझ्या आईलाबी सांगितलेलं नाही."

मी १९७६ साली दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी नुकतीच आलेली, आमची दुसरीच तुकडी. पुढं शिकायचं काही जमलं नाही आणि त्या हिवाळ्यात मी थोरल्या भावाबरोबर उसाच्या गाडीवर लागलो. माझी पोरं त्याला तात्या म्हणतात, मी दादा म्हणतो. तेव्हा दादा वीस-एकवीस वर्षांचा होता. तालमीतला गडी. आसपासच्या जत्रांत त्याच्या कुस्तीला माणसं थांबायची.

आमची गाडी लाकडी चाकांची, लोखंडी धावेची. आता ती पोरांनी बघितलेलीही नाही, म्हणून सांगतो. मधे तुंबा, तुंब्यातनं निघालेले आरे, आऱ्यांवर गोलाकार पाटे आणि पाट्यांवर लोखंडी धाव. ही धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवायची आणि वरनं पाणी ओतायचं, की आवळून बसायची. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल व्हायची, मग चाक पाण्यात भिजत ठेवायचं. चाक आखावर फिरतं, आणि ते आखातनं निसटून बाहेर येऊ नये म्हणून टोकाला एक लोखंडी खीळ असते. तिला कुणी म्हणतात. एवढीशी वीतभर वस्तू. गाडीत सगळ्यांत स्वस्त. पण तिच्या जिवावर सगळं.

संध्याकाळी चाकं ढिली करून आखाला वंगण घालायचं काम माझं होतं. एक दिवस आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी बघितलं, की उजव्या चाकाची कुणी झिजून बारीक झालीय. मला म्हणाले, "लोहाराकडं जा, नवी घिऊन ये. आज रातीलाच बसव." मी हो म्हणलं. त्या रात्री शेजारच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आलेला. लोहाराकडं गेलो असतो तर सिनेमा चुकला असता. परड्यात गजाचा एक तुकडा पडला होता. तो कुणीच्या भोकात घातला, दगडानं टोक वाकवलं, वर तार गुंडाळली आणि पळालो. आल्यावर आबांनी झोपेतच विचारलं, "बसवली का?" म्हणलं, "बसवली."

दुसऱ्या दिवशी ऊस भरून निघालो. मी मागनं चालत होतो, दादा पुढं धुरेवर. ओढ्याचा उतार लागला. आधी खडखड ऐकू आली. मग उजवं चाक गाडीतनं सुटून एकटंच पुढं गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं. त्यामागोमाग गाडी उजवीकडं कलंडली आणि मोळ्या सगळ्या दादाच्या अंगावर. बैल कसे वाचले देव जाणे. दादाचा पाय गुडघ्याखाली साट्याच्या लाकडाखाली सापडला होता.

माणसं गोळा झाली. त्याला बाहेर काढला, दुसऱ्या गाडीत घातला. सगळी त्याच्याभोवती असताना मी काय केलं? मी धुळीत तो गजाचा तुकडा शोधला आणि सापडल्यावर ओढ्यात फेकून दिला.

दादाचा पाय पुढं जुळला, पण वाकडा जुळला. तो आजही लंगडतो. तालीम सुटली. गावात सगळी म्हणाली, कुणी झिजलेली होती, मोडली असंल, नशीब. आबा मरेपर्यंत म्हणायचे, की कुणी नवी होती, लोहारानंच कच्चं लोखंड दिलं. बिचाऱ्या लोहारावर आळ गेला. तोही गेला आता. मी तोंड उघडलं नाही.

हे सगळं मी पोराला त्या गॅरेजात सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, चौथा टायर पायानं बाजूला ढकलला आणि म्हणाला, "चारी नवे घेऊ."

पण पहिला बर्फ पडला की सगळ्या शहराला टायर आठवतात. दुकानात आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. ते आठ दिवस त्यानं गाडी काढली नाही. घरापासनं अर्धा तास चालत जाऊन आगगाडीनं नोकरीवर गेला. सून जरा कुरकुरली. मी बाळाचा पाळणा हलवत गप बसलो. माझ्यामुळं पोराला पायपीट, हे मनाला लागत होतंच. त्याच आठवड्यात मला तिथल्या बर्फाची खरी ओळख पटली. चिनूक म्हणून एक ऊनऊन वारा रॉकीवरनं खाली येतो. तो आला की घटकाभरात सगळीकडं पाणी पाणी होतं, माणसं कोट काढतात. रात्री पुन्हा थंडी पडली की तेच पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठतं. काळा रस्ता काळाच दिसतो, वर बर्फ आहे हे दिसतच नाही. शेजारचा म्हातारा एका सकाळी काठी टेकत त्यावरनं चालला होता. मला बघून त्यानं माझ्या पायातल्या चपलांकडं बोट दाखवलं आणि कपाळावर हात मारला.

जुन्या रिमांवर चार नवे टायर चढवून, तोल बघून आणले. रविवारी आम्ही बापलेक कामाला लागलो. शेजारचा म्हाताराही येऊन उभा राहिला, आणि दोघांनाही त्यानं एकेक शिकवलं.

पहिल्यांदा गाडी सपाट जागी उभी करून हाताचा ब्रेक ओढला. ज्या बाजूचं चाक उचलायचं त्याच्या तिरक्या बाजूच्या चाकाला मी लाकडाचा ठोकळा लावला. ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. चाक जमिनीवर असतानाच पाचही नट थोडे थोडे सैल केले, कारण उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरनं घसरते. मग जॅक लावला, आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली लोखंडी घोडी सरकवली. नट काढले तरी चाक सुटेना. गंजानं धरून बसलेलं. म्हाताऱ्यानं पाठमोरं होऊन टाचेनं टायरला दोन लाथा हाणल्या, तेव्हा सुटलं. आत जिथं रिम टेकते ती गोल थाळी गंजानं खरबरीत झालेली. पोरानं मला तारेचा ब्रश दिला. हे घासून गुळगुळीत केल्याशिवाय चाक नीट बसत नाही. गंजाचा पापुद्रा मधे राहिला तर आज नट घट्ट वाटतो, आणि चालून चालून पापुद्रा चुरला की सैल होतो. घासायचं काम मी चांगलं तासभर केलं. लोखंड चकाकायला लागलं.

मग मी वंगणाचा डबा उघडला आणि बोल्टांना लावायला बोट बुडवलं. पोरगा ओरडलाच, "अण्णा, नको नको!" मी चकित. जन्मभर चाकाला वंगण घातलेला माणूस मी. तो म्हणाला, की बोल्ट साफ आणि कोरडा पाहिजे. तेल लागलं तर पाना तेवढाच जोर दाखवतो, पण नट आत जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणून तुटतो. मी जरा विचार केला. खरंच की. आमच्या गाडीचं चाक आखावर फिरायचं, म्हणून वंगण. इथं चाक बोल्टावर फिरत नाही, बोल्टानं ते नुसतं धरून ठेवायचंय. जिथं फिरायचं तिथं तेल, जिथं धरायचं तिथं कोरडं. त्रेसष्टाव्या वर्षी हे नव्यानं कळलं, डबा गुमान झाकला.

नव्या टायरच्या अंगावर बाण होते. बाण ज्या दिशेला तिकडंच चाक फिरलं पाहिजे, म्हणजे नक्षीतनं पाणी आणि पेंड बाहेर फेकली जाते. डावं-उजवं बघून लावले. नट आधी हातानं फिरवून बसवले, मग आवळताना शेजारशेजारचे नाही, तर एक सोडून एक, चांदणी काढतात तसे. म्हणजे चाक सगळीकडनं सारखं टेकतं. गाडी खाली उतरवली आणि शेवटचा आवळ टॉर्कच्या पान्यानं. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, आमच्या गाडीला १२० न्यूटन-मीटर. तेवढा जोर झाला की पाना ‘टक्’ करतो. चार चाकं, पाच-पाच नट, वीस वेळा टक्. मी प्रत्येकाला मोजलं.

हवा भरतानाही म्हाताऱ्यानं बोटं उडवून काहीतरी सांगितलं. पोरानं अर्थ सांगितला. थंडीत हवा आकसते. पाच-सहा अंश थंडी वाढली की टायरातली हवा एका पौंडानं उतरते. उबेच्या गॅरेजात भरून बाहेर उणे वीसमध्ये गेलं की पाच-सहा पौंड आपोआप कमी. म्हणून महिन्याला बघायची, गाडी बराच वेळ उभी असताना. उतरवलेल्या उन्हाळी चाकांवर मी खडूनं ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ असं मराठीत लिहिलं आणि कोपऱ्यात एकावर एक रचली. पोरगा म्हणाला, एप्रिलात तुम्ही नसाल तर मला वाचायला लागेल. म्हणलं, वाच की, मराठी शाळेतच घातला होता तुला.

सगळं झाल्यावर म्हातारा जाताना पोराला दोन बोटं दाखवून पुन्हा काहीतरी बजावून गेला. मी विचारलं, काय म्हणतोय? पोरगा म्हणाला, "म्हणतोय, काम अर्धंच झालंय. ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासायचे. चाक बसतं, मग सैल होऊ शकतं."

त्या रात्री नऊला मी गावाकडं फोन लावला. तिकडं सकाळचे साडेआठ. दादा परड्यात म्हशीजवळ होता. पुतण्यानं फोन नेऊन दिला. आधी नातवाचं विचारलं, थंडीचं विचारलं. मग मी म्हणलं, "दादा, तुला एक सांगायचंय. त्या गाडीच्या कुणीचं." आणि एका दमात सगळं सांगितलं. सिनेमा, गज, तार, ओढा. शेचाळीस वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं, सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पलीकडं नुसती म्हैस हंबरली. मग दादा म्हणाला, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"गज. सकाळी जुपताना चाकावरनं हात फिरवला व्हता मी. तवाच दिसला. म्हणलं, बेणं शिनंमाला गेलं असंल. आबांना कळलं तर तुझी चामडी लोळवतील. म्हणलं, आजचा दिवस निघंल, सांजच्याला गुपचूप दुसरी बसवू."

मला काही बोलता येईना. बऱ्याच वेळानं म्हणलं, "मग एवढ्या वर्षांत तू बोलला का न्हाईस?"

"तू तरी कुठं बोललास?" दादा म्हणाला. आणि मग, "मी बोललो असतो तर माझीबी चूक सांगाया लागली असती. गाडी माझ्या हातात व्हती गड्या. बघून सोडली मी."

एवढं बोलून त्यानं फोन पुतण्याकडं दिला. म्हशीचं दूध काढायचं राहिलं होतं. त्या फोननं मला हलकं वाटलं असं म्हणू का? तसं नाही वाटलं. एकट्यानं ओढत होतो ते ओझं दुसराही तितकीच वर्षं ओढत होता, एवढंच कळलं. आणि दोघांनी एकमेकांना ते दाखवलं नाही म्हणून आबा आणि तो लोहार, दोघंही खोटं घेऊनच गेले, हेही कळलं. त्याला आता इलाज नाही.

चार दिवसांनी पोराचा दुपारी फोन आला. तो नोकरीच्या जागी गाड्या लावायच्या मैदानात उभा होता, वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणाला, "अण्णा, नव्वद किलोमीटर झाले. पाना घेऊन आलो होतो. वीस नट तपासले. अठरा जागच्या जागी आहेत. मागच्या उजव्या चाकाचे दोन जरा फिरले, मग टक् झालं."

"परत एकदा बघ," मी म्हणलं.

"बघितलं अण्णा."

मार्चात आम्ही गावी परतलो. त्या हिवाळ्यात गाडी दोनदा घसरता घसरता सावरली असं पोरानं नंतर सांगितलं, मुद्दाम आईला न सांगता. आता वर्षातनं दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, चाकं बदलली की तो फोन करतो. फोन मी घेतो, पण बोलायला दादा टपलेलाच असतो. ओसरीवर वाकडा पाय लांब करून बसलेला असतो, तिथनंच ओरडतो, "इच्यार त्याला, नट पुन्यांदा आवळलं का म्हणावं!"